नाण्यांवरच्या आणि नोटांवरच्या बायका: संग्रह सुरू कसा करायचा

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एक काम ठरलेलं असायचं. आजी कपाटातून लाल फडक्यात बांधलेले सात राणीछाप रुपये काढायची, अंगणातल्या दगडावर बसायची आणि चिंच आणि रांगोळी लावून एकेक रुपया लख्ख होईपर्यंत घासायची. पूजेच्या ताटात ते खरंच आरशासारखे चमकायचे. पण एकदा मी त्यातला एक हातात घेऊन उजेडाला धरला आणि बघितलं तर राणीचं नाक गेलेलं, मुकुटाची टोकं गेलेली, डोळ्याच्या जागी नुसता एक उंचवटा, आणि कडेची अक्षरं पण अर्धीच. साठ-सत्तर दिवाळ्या तिला घासलं होतं आम्ही. तेव्हा मी नववीत असेन, आणि त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की ही बाई कोण, आणि आपल्या नाण्यांवर आपल्या बायका कुठेत?

तिथून माझा हा नाद सुरू झाला. आता नवीन मुलंमुली, रिटायर झालेले काका, बऱ्याच गृहिणी विचारतात की "ताई, आम्हालाही करायचंय, पण सुरुवात कुठून करू?" म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. फक्त भारतापुरतं लिहितेय कारण तेच मला नीट माहितीय, आणि एवढं सुद्धा आयुष्यभर पुरतं.

पहिली पायरी: आधी घरातलं बघा, आणि काही म्हणजे काही घासू नका

पैसे खर्च करायच्या आधी घरातले डबे उघडा. देव्हाऱ्याचा खण, आजीची पेटी, आईची जुनी पर्स, बाबांचा गल्ला, शिवणाच्या मशीनचा ड्रॉवर (तिथे हमखास काहीतरी निघतं). जे मिळेल ते मऊ कापडावर पसरा आणि फक्त बघा. नाणं नेहमी कडेने धरायचं, दोन बोटांच्या चिमटीत, मधल्या चेहऱ्यावर अंगठा टेकवायचा नाही, कारण बोटाचा घाम आणि तेल धातूवर बसतं आणि काही महिन्यांनी तिथे ठशाचा डाग उठतो.

आणि साफ करायचं नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, भांड्याची पावडर, काहीही नाही. चांदीवर वर्षानुवर्षं जो काळसर-निळसर थर चढतो त्याला संग्राहक टोन म्हणतात आणि तो असलेलं नाणं त्यांना जास्त आवडतं, घासलेल्या नाण्याची किंमत सरळ पडते. पण किंमत सोडा, खरं कारण वेगळंय. घासल्यावर जातो तो मळ नसतो, तो चेहरा असतो, आणि तो परत येत नाही. फारच माती लागलेली असेल तर साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, न चोळता टिपून घ्या, बास.

दुसरी पायरी: ही बाई कोण आहे ते ठरवा

मी चार कप्पे करते. पहिला, नाव असलेली खरी बाई आणि तिचा चेहरा. दुसरा, नाव आहे पण चेहरा नाही. तिसरा, चेहरा किंवा आकृती आहे पण नाव नाही, म्हणजे कुणीतरी आई, कुणीतरी शेतकरीण. चौथा, देवी. नवीन माणूस हे चारही एकत्र करतो आणि मग "भारताच्या नाण्यांवर तर किती बायका आहेत" असं वाटायला लागतं. वेगवेगळे मांडून बघा म्हणजे चित्र एकदम बदलतं. देवी दोन हजार वर्षांपासून आहेत, खऱ्या भारतीय बायका मात्र फार उशिरा आल्या.

एक गंमत इथेच सांगते कारण आपल्याकडे हा गोंधळ फार होतो. पुतळ्यांची माळ. बऱ्याच जणांना वाटतं की पुतळीवर लक्ष्मी आहे, आणि आपल्या सोनारांनी पुढे घडवलेल्या पुतळ्यांवर तशी आकृती असते सुद्धा. पण हा घाट मुळात आला व्हेनिसच्या डुकॅट नावाच्या सोन्याच्या नाण्यावरून, जे व्यापारात इकडे भरपूर यायचं. त्या मूळ नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा डोजे म्हणजे तिथला प्रमुख आहे, बाई कुठेच नाही. त्यामुळे घरात पुतळी असेल तर भिंग लावून नीट बघा आणि मगच कप्पा ठरवा.

तिसरी पायरी: राणीछाप वाचायला शिका

महाराष्ट्रातल्या जुन्या घरात सगळ्यात जास्त निघतो तो राणीछाप रुपया, म्हणून इथे जरा थांबूया. सगळे राणीछाप एक नाहीत. तीन मुख्य प्रकार आहेत आणि ते दहा मिनिटांत ओळखता येतात.

सगळ्यात आधीचा १८४० चा. यात व्हिक्टोरिया तरुण आहे, डोक्यावर मुकुट नाही, केस मागे अंबाड्यात बांधलेले, आणि मागच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. यात पण दोन प्रकार, एकात "व्हिक्टोरिया क्वीन" हे शब्द डोक्यावरून सलग कमानीसारखे जातात, दुसऱ्यात एक शब्द डावीकडे आणि एक उजवीकडे असे तुटलेले असतात. साल दोन्हीवर १८४० च, कारण कंपनी तेच साल टाकून पुढे बरीच वर्षं पाडत राहिली. मानेच्या कापलेल्या कडेवर बारीक अक्षरं दिसली तर ती चित्र कोरणाऱ्या विल्यम वायनची आद्याक्षरं आहेत.

मग १८५७ चा उठाव झाला, कंपनीचं राज्य गेलं, आणि १८६२ पासून नवीन रुपया आला. आता राणीला मुकुट आहे, अंगात नक्षीदार पोशाख आहे, मागे कंपनीचं नाव जाऊन "वन रुपी इंडिया" आणि भोवती वेलबुट्टी. नाव अजून क्वीनच. यातही १८६२ हेच साल कित्येक वर्षं तसंच ठेवलं, आणि मुंबई टाकसाळीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला सालाखाली बारीक ठिपके असतात, ते मोजून लोक प्रकार ठरवतात. तुम्ही सुरुवातीला ठिपक्यांच्या मागे लागू नका, डोळे बसले की ते आपोआप दिसायला लागतात.

तिसरा १८७७ पासूनचा. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्यामुळे नाण्यावर क्वीन जाऊन "एम्प्रेस" आलं. हे १९०१ पर्यंत चाललं. मागच्या बाजूला तळाशी बारीक बी दिसला तर मुंबई, सी दिसला तर कलकत्ता.

वजन लक्षात ठेवा, ११.६६ ग्रॅम. चांदी ९१.७ टक्के. व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ते पुढे खरेदीत तुम्हाला वाचवतील. झिजलेल्या रुपयाचं वजन थोडं कमी भरतं, ते चालतं. जास्त भरलं तर शंका घ्या.

रुपयाशिवाय व्हिक्टोरियाचा अर्धा रुपया, पाव रुपया, दोन आणे चांदीचे, आणि तांब्याचे पाव आणा, अर्धा पैसा वगैरे आहेत. नवीन माणसाने तांब्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, स्वस्तात पडतं आणि चेहरा तोच असतो. अलवार, बिकानेर, देवास, धार अशा काही संस्थानांनी पण व्हिक्टोरियाचा चेहरा घातलेली नाणी काढली आणि मागच्या बाजूला आपल्या संस्थानाचं नाव टाकलं, ती जरा पुढची पायरी.

गोव्याकडच्या वाचकांसाठी वेगळं सांगते. तुमच्या आजीच्या पेटीतली राणी कदाचित व्हिक्टोरिया नसेलच. पोर्तुगालच्या गादीवर दोन मारिया राण्या बसल्या आणि गोव्याच्या चांदीच्या रुपियावर त्यांचे चेहरे आले. मारिया दुसरीचा रुपिया म्हणजे इकडे कलकत्त्याला तरुण व्हिक्टोरियाची नाणी निघत होती साधारण त्याच काळातला. म्हणजे एकाच वेळी सावंतवाडीच्या बाजारात एक राणी चालत होती आणि खाली पणजीत दुसरी. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नकाशाच बघत बसले होते.

चौथी पायरी: स्वतंत्र भारताच्या नाण्यांवरच्या खऱ्या बायका

स्वतंत्र भारताच्या नाण्यावर नाव असलेल्या खऱ्या बाईचा चेहरा पहिल्यांदा आला तो इंदिरा गांधींचा. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्यांची हत्या झाली आणि १९८५ मध्ये ५० पैसे, ५ रुपये, २० रुपये आणि १०० रुपये अशी नाणी निघाली, वर १९१७-१९८४ अशी सालं. यातली ५० पैसे आणि ५ रुपयांची बाजारात फिरली. ५ रुपयांचं ते नाणं हातात घेऊन बघाच, १२.५ ग्रॅमचं आहे, ३१ मिलिमीटरचं, आत्ताच्या पाचच्या नाण्यापुढे ताटलीच वाटते. माझी आई तेव्हा भाजी आणायला जाताना ते नाणं वेगळ्या कप्प्यात ठेवायची, मोडायची नाही. नवीन माणसाने पहिली खरेदी हीच करावी, ५० पैशांचं इंदिराबाईंचं नाणं. सहज मिळतं, नकली फारसं कोणी करत नाही, आणि ५० पैसे कायद्याने अजूनही चलन आहे.

त्यानंतर बराच काळ काही नाही, आणि मग २००९ पासून एकेक यायला लागल्या. केरळच्या संत अल्फोन्सा (२००८ मध्ये त्यांना संतपद मिळालं), त्यांचं ५ रुपयांचं नाणं. २०१० मध्ये मदर तेरेसा, जन्मशताब्दीचं ५ रुपयांचं नाणं, आणि ते प्रकाशित केलं तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, म्हणजे आपल्या जळगावच्या. ही दोन्ही सुट्ट्या पैशात मिळायची, आजही कुणाच्या तरी डब्यात असतात, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी किराणावाल्याला आणि रिक्षावाल्या काकांना सांगून ठेवा. मला अल्फोन्सा एका एसटी कंडक्टरने दिलं. सुट्टे परत देताना त्याच्या हातात चमकलं, मी मागितलं, त्याने बॅगेत हात घालून अजून एक शोधून दिलं.

मग २०१४ मध्ये गझल गायिका बेगम अख्तर, २०१५ मध्ये राणी गाइदिन्ल्यू. गाइदिन्ल्यूंबद्दल आपल्याकडे कुणाला काहीच माहिती नसते. नागा मुलगी, १९३२ मध्ये विशीच्या आतच इंग्रजांनी पकडली आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत तुरुंगात ठेवली. राणी हे नाव कुठल्या राजवाड्यातून आलेलं नाही, नेहरूंनी तिला तसं म्हटलं आणि ते चिकटलं. मी शाळेत मुलांना नाणी दाखवायला जाते तेव्हा व्हिक्टोरिया राणी आणि गाइदिन्ल्यू राणी शेजारी शेजारी ठेवते, बाकी काही बोलावं लागत नाही. त्यानंतर एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या जन्मशताब्दीची नाणी. २०२० मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे, १०० रुपये. २०२३ मध्ये संत मीराबाई, ५२५ व्या जयंतीचं म्हणून ५२५ रुपयांचं नाणं. २०२५ मध्ये अहिल्याबाई होळकर, ३०० वी जयंती, ३०० रुपयांचं नाणं, ३१ मे ला भोपाळमध्ये प्रकाशित झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी नवीन माणसाला कुणी सांगत नाही. १००, ३००, ५२५ रुपयांची ही नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतातच. ती टाकसाळ सेटमध्ये विकते, नाण्यावर लिहिलेल्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त किमतीला, कारण त्यात चांदी असते (बरीच वर्षं ही मोठी स्मारक नाणी ३५ ग्रॅमची, ४४ मिलिमीटरची, ५० टक्के चांदीची असायची) आणि डबी, माहितीपत्रक वगैरे असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इंदिरा गांधी आणि मदर तेरेसा निदान लोकांच्या खिशात तरी गेल्या, भाजीवालीच्या गोणपाटाखाली गेल्या, देवळाच्या पेटीत पडल्या. अहिल्याबाई मात्र मखमली डबीत. ज्या बाईने देशभर घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, तिचं नाणं पाच-दहा रुपयांत फिरायला हवं होतं, महेश्वरच्या घाटावरच्या फुलवालीच्या हातात दिसायला हवं होतं.

सेट हवा असेल तर भारत सरकारच्या टाकसाळीच्या वेबसाइटवर बुकिंग करतात, मुंबई, कोलकाता, हैदराबाद असे वेगवेगळ्या टाकसाळींचे सेट असतात. यूएनसी म्हणजे न वापरलेलं, साध्या चकाकीचं, आणि प्रूफ म्हणजे खास पॉलिश केलेल्या ठशातून काढलेलं, आरशासारखं. सुरुवातीला प्रूफ घेऊ नका, महाग पडतं आणि हाताळता येत नाही.

टाकसाळ ओळखायची खूण सालाच्या खाली बघायची. चौकोनी हिऱ्यासारखी खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एका बाईचं एकच नाणं ठेवायचं की प्रत्येक टाकसाळीचं, हे आधीच ठरवा, नाहीतर डबा भरतो आणि बायका त्याच राहतात.

पाचवी पायरी: नाव नसलेल्या

हा माझा सगळ्यात आवडता कप्पा आणि सगळ्यात स्वस्त. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या निमित्ताने सत्तर-ऐंशीच्या दशकात दरवर्षी वेगळ्या विषयाची नाणी निघायची. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्या नाण्यांवर "समानता, विकास, शांती" हे तीन शब्द. १९८० चा विषय ग्रामीण महिलांची प्रगती, त्यात १० पैसे आणि २५ पैसे सुद्धा होते. १९९० मध्ये सार्कने (दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेने) बालिका वर्ष पाळलं त्याचं १ रुपयाचं नाणं आहे, आणि त्याच वर्षी अंगणवाडी योजनेला १५ वर्षं झाली त्याचं पण. १९९६ मध्ये ५ रुपयांचं, आईचं आरोग्य तेच बाळाचं आरोग्य या विषयाचं, आई आणि मूल.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे ती आता फक्त भंगारवाले, जुने गल्ले आणि विक्रेते यांच्याकडेच मिळतात. किलोवर घेतलेल्या ढिगातून निवडायला मिळालं तर बसा दोन तास, काळे हात होतील पण फार काही सापडतं.

सहावी पायरी: नोटा

इथे यादी फार छोटी आहे. १८६१ च्या कायद्याने सरकारने नोटा काढायचा हक्क स्वतःकडे घेतला आणि पहिल्या ज्या नोटा आल्या त्यांच्यावर कोपऱ्यात व्हिक्टोरियाचा छोटा चेहरा होता. १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपये, एकाच बाजूला छापलेल्या. नकली व्हायला लागल्या म्हणून त्या काढून घेतल्या आणि १८६७ पासून दुसऱ्या धर्तीच्या नोटा आल्या ज्यांच्यावर चेहराच नव्हता. पुढे १९२३ मध्ये चेहरा परत आला तो पंचम जॉर्जचा. स्वातंत्र्यानंतर सहावा जॉर्ज गेला, अशोकस्तंभ आला, मग गांधीजी आले. म्हणजे व्हिक्टोरियानंतर आजपर्यंत भारत सरकारच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर एकाही खऱ्या बाईचं स्वतंत्र चित्र आलेलं नाही. दीडशे वर्षांहून जास्त झाली. नोटा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून छापल्या जातात, माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांतल्या बायका तिथे कामाला होत्या, नोटा मोजल्या, तपासल्या.

मग नोटांचा कप्पा रिकामाच ठेवायचा का? नाही. खिशातली जांभळी शंभराची नोट काढा, २०१८ पासूनची. मागे जी पायऱ्यांची विहीर आहे ती गुजरातमधल्या पाटणची रानी की वाव. अकराव्या शतकात राणी उदयमतीने आपला नवरा भीमदेव पहिला याच्या आठवणीत बांधली. चेहरा नाही, पण एका बाईने बांधलेलं काम आपण रोज दुकानदाराला देतो आणि कुणाला माहीत नसतं. मी या नोटेला दुसऱ्या कप्प्यात घालते. तुम्हाला पटत नसेल तर घालू नका, संग्रह तुमचा आहे.

दुसरी म्हणजे महात्मा गांधी मालिकेतली जुनी ५०० ची नोट, जी नोव्हेंबर २०१६ ला बंद झाली. तिच्या मागे दांडीयात्रेचं चित्र आहे, दिल्लीतल्या ग्यारह मूर्ती शिल्पावरून घेतलेलं, गांधीजींच्या मागच्या रांगेत बायका पण आहेत, भिंगाने शोधा. पण सांभाळून, बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या मिळून १० पेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे, अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी असेल तर २५ पर्यंत चालतात. संग्रहासाठी एक पुरते.

नोटेला स्टेपल मारू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका.

सातवी पायरी: जे विकत घ्यायचं नाही, फक्त बघायचं

काही नाणी आपल्या आवाक्यातली नाहीत, पण ती न बघता हा विषय कळतच नाही. गुप्त राजा चंद्रगुप्त पहिला आणि त्याची राणी कुमारदेवी यांचं सोन्याचं नाणं, दोघं समोरासमोर उभे, तिचं नाव तिच्या बाजूला लिहिलेलं, आणि मागे सिंहावर बसलेली देवी आणि तिच्या माहेरच्या कुळाचं नाव, "लिच्छवयः". सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी नाण्यावर माहेरचं नाव! काश्मीरची दिद्दा राणी, तिच्या नावाची तांब्याची नाणी. दिल्लीची रझिया सुलतान, १२३६ ते १२४० एवढंच राज्य, तिची चांदीची नाणी आहेत. नूरजहानचं नाव असलेली जहांगीरच्या शेवटच्या वर्षांतली नाणी. यातल्या रझिया आणि नूरजहानच्या नाण्यांवर फक्त अक्षरं, चेहरा नाही. आणि देवी तर कुशाणांच्या नाण्यांवर सुद्धा आहेत, इतकंच काय मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी आहे आणि नागरीत त्याचं नाव.

मुंबईत असाल तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बघा, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्र्यंबकला जाता-येता वाटेतच पडते.

आठवी पायरी: विकत घेताना

छोटा डिजिटल काटा (दोन दशांशांपर्यंत दाखवणारा), १० एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग आणि एक लोहचुंबक, या तीन गोष्टी पहिल्या नाण्याच्या आधी घ्या. मी नव्हत्या घेतल्या. एका आठवडी बाजारात एका विक्रेत्याकडून १८४० चा रुपया घेतला, छान काळपट दिसत होता, घरी येऊन सोनाराकडे तोलला तर साडेनऊ ग्रॅम पण भरला नाही. चांदी नव्हतीच. त्यानंतर मी काटा पिशवीत घेऊनच जाते आणि विक्रेत्यासमोर तोलते, चांगला विक्रेता त्याचं वाईट मानत नाही.

राणीछापाला चुंबक चिकटला तर नाणं तिथेच ठेवा. न चिकटला म्हणजे खरंच आहे असं मात्र नाही, वजन आणि व्यास दोन्ही जुळायला हवेत. अक्षरांच्या कडा बघा, ओतीव नाण्याच्या कडा विरघळल्यासारख्या असतात आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात. कडेला वरच्या बाजूला खूण किंवा टाका दिसला तर समजा की ते कधीतरी माळेत ओवलं होतं आणि कडी नंतर काढलीय. अशा नाण्याला संग्राहक कमी पैसे देतात. मी मात्र अशी दोन मुद्दाम ठेवलीत, कुणीतरी ती गळ्यात घातली होती म्हणून.

आणि ते मेसेज. "वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे का, १० लाख मिळतील." हे नाणं २०१२ मध्ये निघालं, ५ आणि १० रुपयांचं, भरपूर निघालं, त्याला कुणीही लाख देत नाही. हे लोक आधी रजिस्ट्रेशन फी मागतात, मग टॅक्स, मग कमिशन, आणि रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला फी-कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचे असेच पैसे गेले, पेन्शनमधले. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच सांगा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू धरलं जातं आणि देशाबाहेर नेता येत नाही. आजीचा राणीछाप आठवण म्हणून बॅगेत टाकून नेऊ नका, फोटो न्या, नाणं इथेच भावाबहिणीकडे ठेवा. आणि जमिनीत, भिंतीत नाण्यांचा हंडा वगैरे सापडला तर तो कलेक्टर ऑफिसला कळवावा लागतो.

नववी पायरी: ठेवायचं कसं

रबरबँड, वर्तमानपत्र, पीव्हीसीच्या मऊ पिशव्या, या तिन्ही गोष्टी नाण्याच्या शत्रू. पीव्हीसीतून कालांतराने हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे टू बाय टू (दोन इंच चौकोनी) होल्डर मिळतात, मध्ये पारदर्शक खिडकी असते, ते वापरा, आणि पिन मारल्यावर पिनेची टोकं पक्कडने दाबून सपाट करा नाहीतर शेजारचं नाणं ओरखडतं. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला. लाकडी कपाटात उघडी ठेवू नका.

दहावी पायरी: वही

प्रत्येक नाण्याला अर्धं पान द्या. बाईचं नाव, साल, किंमत, टाकसाळ, वजन, व्यास, दोन्ही बाजूंची अक्षरं जशी दिसतात तशी, कुणाकडून मिळालं, कधी, कितीला. आणि खाली तिच्याबद्दल दोन ओळी स्वतःच्या शब्दांत. एखाद्या नाण्याला जोडी सापडली तर ती पण लिहा, जसं अहिल्याबाईंच्या पानावर मी लिहिलंय की त्यांच्या स्वतःच्या राज्यात महेश्वरच्या टाकसाळीत पडणाऱ्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान असायचं, नाव दिल्लीच्या शाह आलमचं, स्वतःचं काहीच नाही. तसा एक महेश्वरी रुपया माझ्याकडे आहे, आणि त्याच्या शेजारची खिडकी मी रिकामी ठेवलीय, ३०० रुपयांच्या नाण्यासाठी, पैसे साठवतेय.

नमुन्यासाठी माझ्या वहीतलं पहिलं पान देते:

व्हिक्टोरिया, क्वीन, मुकुट असलेली. १८६२. १ रुपया. चांदी. वजन १०.९१ ग्रॅम. चेहरा जवळपास गेलेला, नाक नाही, पोशाखाची नक्षी फक्त खांद्याजवळ. "रिया" आणि "क्वी" एवढी अक्षरं वाचता येतात. मागची बाजू बरी, सालाखालचे ठिपके मोजता येत नाहीत. आजीकडून. तिच्या लग्नात तिला मिळालेल्या सातांपैकी एक. चिंचेने घासलेला.